शुभ्र दात आणि काळी मिश्री

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घराघरांतून एकच गडबड उडते. भिंतींना रंग, पितळेला चिंच, चांदीच्या निरांजनांना रांगोळी, पडद्यांना साबण! जे जे म्हणून काळवंडले असेल ते ते उजळून निघालेच पाहिजे, असा आम्हां गृहिणींचा खाक्या. आणि मग केव्हातरी आरशापुढे उभे राहिले की ध्यानात येते, सारे घर लखलखते आहे. परंतु आपण हसलो की मात्र घराची शोभा जाते! पूर्वी हे खपून जात असे. फोटो काढणारा मनुष्यच "हलू नका, हसू नका" म्हणून दटावीत असे. आता ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा आहे आणि हसण्यावाचून सुटका नाही. मग कोणी लिंबाची साल दातांवर घासते, कोणी खाण्याचा सोडा, कोणी कोळसा. गेल्या वर्षी धाराशिवला मावशीच्या घरी लग्नाची तयारी चालू होती तेव्हा हा सारा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला, आणि त्यापायी दातांच्या डॉक्टरांकडे ज्या खेपा झाल्या त्यांतून जे कळले ते वाचक भगिनींपुढे (आणि बंधूंपुढेही, कारण त्यांचेही दात काही मोत्यांचे नसतात) ठेवावे असे वाटले.

पहिली गोष्ट ही की, दात मुळात पांढरे नसतातच. धाराशिवपासून जवळच तेर नावाचे गाव आहे. गोरा कुंभारांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी हेच 'तगर' नावाचे मोठे व्यापारी शहर होते आणि त्याचा माल रोमपर्यंत जात असे. तेथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडलेली आहे. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या अवशेषांत मिळाली, म्हणून जाणकारांत तिचा बोलबाला आहे. आता हस्तिदंत म्हणजे काय? हत्तीचा दातच. त्याचा रंग आठवून पाहा. दुधासारखा नव्हे, सायीसारखा, किंचित पिवळसर. आपल्या दाताचा गाभाही त्याच जातीच्या द्रव्याचा, ज्याला डॉक्टर डेंटिन म्हणतात. त्यावर काचेसारखे अर्धपारदर्शक, शरीरातले सर्वांत कठीण असे इनॅमलचे कवच असते. आतला पिवळेपणा त्या कवचातून दिसतो. वय वाढते तसे कवच झिजते, आतला गाभा जाड होतो आणि दात अधिक पिवळे दिसू लागतात. त्यात घाण अशी काही नसते. मात्र ते कवच एकदा गेले की गेले! नखे वाढतात, केस वाढतात, हाड मोडले तर जुळते. परंतु इनॅमल पुन्हा येत नाही. दात उजळवण्याचा प्रत्येक उपाय या एका कसोटीवर घासून पाहावा.

तशी ही पांढऱ्याची हौसही सर्वकाळची नव्हे. आपल्याकडे सवाष्ण बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत. जपानातही १९व्या शतकापर्यंत कुलीन स्त्रिया दात काळे करीत असत. पुढे बाजारात मंजने आली. मुंबईच्या माकडछाप काळ्या पावडरीने किती पिढ्यांची बोटे काळी केली असतील! १९५२ साली केशव विष्णु पेंढरकरांनी विकोचा उद्योग काढला आणि वज्रदंती घरोघर गेली. त्याआधी शेताच्या बांधावरची बाभळ, कडुनिंब, करंज होतेच. वाग्भटाने दातवणाच्या काड्या कोणत्या झाडांच्या घ्याव्यात हे सांगताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये असेही बजावले आहे. आपण काडी लक्षात ठेवली आणि हिरडी विसरलो.

आता घरगुती उपायांकडे येऊ. गंमत अशी की पितळ, चांदी, फरशी आणि कपडे उजळवण्याच्या ज्या युक्त्या आपल्या घरात आहेत, त्याच सगळ्या लोक दातांवर करतात. पितळेला चिंच लागते, म्हणजे आम्ल. दाताला कोणी चिंच लावीत नाही, पण लिंबू लावतात. लिंबाच्या रसाने दात घासले की चार दिवस ते खरोखर स्वच्छ भासतात. कारण काय, तर वरचा थर विरघळतो! दाताचे कवच कॅल्शियम आणि फॉस्फेटचे असते आणि आम्लता विशिष्ट पातळीच्या पुढे गेली, म्हणजे शास्त्राच्या भाषेत पीएच साडेपाचाच्या खाली आला, की ते झिरपू लागते. लिंबाचा रस दोन-अडीचवर असतो. शहाबादी फरशीवर ॲसिड ओतले की फेस येतो आणि फरशी उजळ दिसते, पण खरखरीत होते आणि पुढे अधिकच मळ धरते, हे कुठल्या गृहिणीला ठाऊक नाही? जत्रेत रस्त्याच्या कडेला बाटली घेऊन बसणारे 'एका मिनिटात दात पांढरे' करून देणारे वैदू मी पाहिले आहेत. त्या बाटलीत काय असते ते ते सांगत नाहीत. परंतु कापसाचा बोळा फिरवताच जो दात पांढराफेक होतो, त्याची अवस्था त्या फरशीसारखीच होत असणार. दोन रुपयांचे दात कोरणे वेगळे आणि जन्माचे दात झिजवून घेणे वेगळे.

चांदीला रांगोळी लावतात, म्हणजे घर्षण. दाताला राख, विटेची भुकटी, बारीक मीठ आणि कोळसा हे सारे त्याच वर्गातले. हल्ली परदेशी थाटाच्या डबीत 'ॲक्टिव्हेटेड चारकोल' म्हणून जो विकला जातो तो आपल्या आजीच्या चुलीतल्या कोळशाचाच शिकलेला नातू! अमेरिकेतल्या दंतवैद्य संघटनेच्या मासिकात २०१७ साली कोळशाच्या मंजनांविषयीच्या साऱ्या लेखनाचा धांडोळा घेण्यात आला, तेव्हा ती सुरक्षित वा गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा सापडला नाही. त्यामानाने खाण्याचा सोडा मऊ आहे. तो कवच फारसे खरवडत नाही आणि वरवरचे चहाचे डाग काढतो. पण त्यात लिंबू पिळून फसफसवायची जी रीत आहे ती कशासाठी, कोण जाणे. फेस आला म्हणजे गुण आला, असे आपल्याला उगीच वाटते.

पांढऱ्या कपड्याला नीळ देतात ना? तीही युक्ती आहे. काही 'व्हाइटनिंग' टूथपेस्टमध्ये निळसर रंगद्रव्य असते. त्याचा पातळ थर दातावर बसतो, पिवळेपणा झाकतो आणि दात लगेच उजळ दिसतात; काही तासांनी थर निघून जातो. यात अपाय नाही आणि फसवणूकही नाही, मात्र दात पांढरा झाला असे समजू नये. धोतराला नीळ दिली म्हणून ते नवे होत नाही.

चौथी युक्ती खरी ब्लीचिंगची, आणि आतल्या रंगावर तीच काय ती काम करते. हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा त्यालाच सावकाश सोडणारे कार्बमाइड पेरॉक्साइड, हे द्रव्य कवचातून आत झिरपते आणि तिथल्या रंगीत कणांचे विघटन करते. १९८९ साली अमेरिकेतल्या हेवूड आणि हेमन या दोन दंतवैद्यांनी दहा टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचे जेल, दातांच्या मापाच्या पातळ साच्यात घालून रात्रभर वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजही सर्वांत अधिक तपासली गेलेली पद्धत तीच. दोनेक आठवडे लागतात. दवाखान्यात बसून तासाभरात करायचे ब्लीचिंग याहून पुष्कळ तीव्र असते, म्हणून हिरड्या झाकून घ्याव्या लागतात. आणि त्या वेळी जो निळा दिवा लावतात त्याने फारसा फरक पडत नाही, फक्त बिलाचा आकडा शोभून दिसतो. दोन्हींत काही दिवस थंड-गरम लागून दात शिवशिवतात, ते बहुधा आपोआप थांबते. युरोपात ०.१ टक्क्याहून अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड असलेला माल दंतवैद्याखेरीज कोणाला देता येत नाही, सहा टक्क्यांपुढे सौंदर्यासाठी तो वापरताच येत नाही, आणि अठरा वर्षांखालच्यांना तर नाहीच. आपल्याकडे मात्र केस कापायच्या खुर्चीवर दात 'लेझर'ने पांढरे करून देणाऱ्या पाट्या दिसतात. त्या खुर्चीवर बसू नये. कीड असेल तर आधी ती भरून घ्यावी लागते, हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी ते बरे करावे लागते, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावे, आणि बसवलेली कॅप किंवा भरलेले सिमेंट ब्लीचने रंग बदलत नाही. म्हणजे बाकीचे दात उजळले की ते एकटेच पिवळे उठून दिसतात! हे सारे बघायला डोळा शिकलेला लागतो.

आमच्या भाचीचेच उदाहरण घ्या. मावशीची ही नात. मुलगी देखणी, शिकलेली, बँकेत नोकरीला. परंतु समोरच्या दातांवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके आणि दोन दातांवर तपकिरी पट्टे. लग्न ठरले तेव्हा सासरच्या एका बाईंनी "दात घासत नाही का गं?" म्हणून विचारले, आणि त्या दिवसापासून पोरीने तोंडावर हात धरूनच हसायचे. तिने लिंबू, सोडा, कोळसा सगळे करून पाहिले होते. एकाने तिला समोरचे सहा दात घासून कॅपा बसवण्याचा सल्ला दिला, तोही लग्नाआधी आठ दिवसांत. ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

धाराशिवातल्या ज्या तरुण दंतवैद्य बाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी दाताला हात लावण्याआधी एकच प्रश्न केला: "लहानपणी कुठं होतीस?" भाचीचे वडील शिक्षक, ती सात-आठ वर्षांची होईपर्यंत त्यांची नोकरी नांदेड जिल्ह्यात किनवटकडे होती, आणि घरात पाणी बोअरचे. बाईंनी मान डोलावली. हा डाग घाणीचा नव्हेच, फ्लोराइडचा! किनवट, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात जमिनीतल्या पाण्यात ते कित्येक ठिकाणी जास्त आहे. एक लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये असे आपले मानक सांगते. हिरडीखाली दात घडत असतानाच, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, ते पोटात गेले तर कवच सदोष बनते. पुढे कितीही घासा, तो डाग जात नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या मुलांचे असेच तपकिरी दात पाहून फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याने १९०१ पासून त्यामागे डोके लावले आणि १९३१ साली कारण सापडले ते पाण्यातले फ्लोराइड. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती, की असे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत. त्यातूनच पुढे अल्प प्रमाणात फ्लोराइड घातलेली टूथपेस्ट आली. तेव्हा विहीर वा बोअर नवी घेतलीत, घरात लहान मूल आहे, तर पाणी तपासून घ्यावे. दातांचा तोच एक स्वस्त उपाय, आणि तोही दात उगवण्याआधीचा.

भाचीच्या दातांना कॅपा लागल्या नाहीत. बाईंनी आधी कीटण काढले, मग तपकिरी पट्ट्यांवरचा केसाएवढा थर हलक्या हाताने घासून घेतला, मग घरी वापरायला सौम्य ब्लीच दिले. आसपासचा दात उजळला, ठिपका त्यात मिसळला. पूर्ण गेला का? नाही. पण हातभर अंतरावरून दिसत नाही, आणि नवरामुलगा काही भिंग घेऊन येणार नव्हता. सासरच्या त्या बाईंना पाण्याची गोष्ट कोणीतरी सांगायला हवी होती. ती भाचीने स्वतःच सांगितली, हे मला विशेष आवडले.

कीटण काढण्याविषयी दोन शब्द. "दात साफ करून घेतले की हलतात," हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे, अगदी कीटणासारखाच. दातांमध्ये वर्षानुवर्षे दगडासारखे साचलेले कीटण निघाले की फटी जाणवतात आणि जीभ त्यात जाऊन जाऊन लागते, एवढेच. हिरडी आधीच सुटलेली असते. कीटणाने ती झाकलेली होती. चहा, पान, तंबाखू यांचे डाग असणाऱ्या दहांतल्या बहुतेकांना ब्लीच लागतच नाही. हे एवढे केले, पुढे मऊ ब्रशने दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासले, आंबट खाल्ल्यावर लगेच न घासता अर्धा-एक तास थांबले, की काम झाले.

त्याच खेपेला मावशी बरोबर होती. नातीची सोबत म्हणून आली होती, बाहेर बाकावर बसायचे म्हणत होती. वय सत्तरीकडचे. दात काळे-तपकिरी, पण सगळे जागेवर, आणि त्याचा तिला कोण अभिमान! "पन्नास वर्सं मिश्री लावतेय बाई मी, एक दात हलला नाही. तुमच्या पेश्टीनं काय होतंय?" मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, मग कुटून केलेली पूड. कोणी मशेरी म्हणतात. धाराशिवच्या काय, साऱ्या महाराष्ट्राच्या बायकांत ती खोलवर शिरलेली आहे. सकाळी तर्जनीने दातांना लावायची, दाढ दुखली की लावायची, काम आटोपले की ओट्यावर बसून लावायची. दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून जी सुरू होते, तीच दात काळे करते! दुखणे थांबते ते तंबाखूने बधिरपणा येतो म्हणून. कीड आत चालूच राहते. आणि सोडायला गेले की डोके दुखते, "परसाकडं होत नाही". ते पोटाचे औषध नव्हे, ती लागलेली सवय बोलते.

तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि मंजनावर आपल्या देशात १९९२ साली बंदी आली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मात्र 'मंजन' न म्हणता तंबाखू म्हणून विकली, किंवा घरच्या तव्यावर भाजली, तर कोण अडवणार? मुंबईत गरोदर स्त्रियांची पाहणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची मुले सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मलेली आढळली. म्हणजे हा प्रश्न सासूच्या पिढीचा म्हणून सोडून देता येत नाही.

दंतवैद्य बाई म्हणाल्या, "आजी, आल्याच आहात तर तोंड उघडा." मावशी लाजत लाजत बसली. दात पाहण्याआधी बाईंनी बोटाने गाल बाहेर ओढला, ओठ उलटा केला, जीभ उचलायला लावली. खालच्या ओठाच्या आत, जिथे मिश्री साठते त्याच जागी, रुपयाएवढा पांढरा चट्टा. पुसून निघेना. दुखत नव्हता, म्हणून मावशीला त्याचा पत्ता नव्हता. नातीचे दात पांढरे करायला गेलो होतो, आणि नको तिथला पांढरा डाग हाती आला.

येथून पुढे बार्शीचा रस्ता. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी धाराशिवकरांना कर्करोगासाठी तिचाच आधार. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून बार्शी तालुक्याबरोबर धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा आणि भूम तालुक्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाऊ लागली. ग्रामीण भागातली अशी नोंदवही देशात ती पहिली. शहरातल्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल? आणखी एक. १९९९ पासून धाराशिव जिल्ह्यातल्या खेडोपाडीच्या १,३१,७४६ स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीत भाग घेतला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही त्या रोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळले ते या बायकांमुळे. तोंडाचेही तसेच. केरळात तिरुवनंतपुरमजवळ शिकवून तयार केलेल्या सेवकांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू वा दारू घेणाऱ्यांत मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. यंत्र नाही, सुई नाही. उजेड आणि एक शिकलेला डोळा.

तो उजेड घरीही पाडता येतो. महिन्यातून एकदा खिडकीशी आरसा घेऊन ओठ उलटे करावेत, दोन्ही गाल आतून पाहावेत, जीभ वर उचलून खालची बाजू आणि कडा पाहाव्यात. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गालात गाठ, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यातले काही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये. दातांचे डॉक्टर हे फुकटात पाहतात, कारण दाताकडे जाताना वाटेत तेच लागते.

बार्शीला मावशीच्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. आठ दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. लग्नाच्या पत्रिका तशाच पडून होत्या. कर्करोग नव्हता. पेशींत थोडा बदल होता, आणि मिश्री सुटली तर असा चट्टा पुष्कळदा मागे हटतो असे डॉक्टरांनी सांगितले. न सुटली तर काय, हेही सांगितले. मावशी गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दात पडले असते तर बरं झालं असतं गं, लवकर कळलं असतं."

सोडणे सोपे गेले नाही. पहिले दहा दिवस ती सगळ्यांवर खेकसली. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा फुकटचा दूरध्वनी आहे. भाचीने तो लावून दिला, आणि पलीकडच्या बाईंशी मावशी अर्धा तास स्वतःच्या सुनेविषयीच बोलली. तरी त्याचा उपयोग झाला असे ती म्हणते. दंतवैद्य बाईंनी दातांवरचा काळा थर काढून दिला तेव्हा आरशात पाहून तिने पदर तोंडाला लावला. पन्नास वर्षांनी तिला स्वतःचे दात दिसले होते. सायीच्या रंगाचे, एकदोन कडेने किडलेले.

मिश्रीच्या डबीत आता लवंगा असतात. कधी कधी ती डबी उघडून नुसता वास घेते आणि मिटवून ठेवते, असे भाची सांगते. बार्शीची पुढची तारीख पौषातली आहे.